जावयाला उसण भरली

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला बाइंडरबाईंच्या जावयाला उसण भरली, आणि तीही सासूच्या घरात, सासूच्या कामाच्या खोलीत, सासूचाच शिकंजा उचलताना.

बाइंडरबाई म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्या बाई. नवरा हे काम करायचा, त्याच्या शेजारी बसून त्या शिकल्या, आणि तो गेल्यावर गेली नऊ वर्षं एकट्याच करत होत्या. दुसऱ्या मजल्यावरचं घर. बाहेरच्या खोलीत कटर, पुठ्ठ्यांच्या चळती, सरसाचं भांडं आणि तो शिकंजा. बांधलेली पुस्तकं वाळेपर्यंत दाबून धरायचं ते ओतीव लोखंडाचं धूड, वजनाला एखाद्या धडधाकट माणसाइतकं. बाईंची नजर आताशा कमी झाली होती, म्हणून तो खिडकीजवळ उजेडात सरकवायचा होता. त्यांनी मुलीला फोनवर एवढंच म्हटलं होतं, "ठमे, दोन माणसं बघून दे गं कुठली तरी." ठमीला ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी दहा दिवस परगावी जायचं होतं. जाता जाता तिने हे नवऱ्याच्या कानावर घातलं, आणि रविवारी दोन माणसांऐवजी एकटा जावईच दारात उभा राहिला.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. हातापायाने दणकट, बोलायला महाकंजूष. लग्नाला सहा वर्षं झाली, पण त्याने बाईंना एकदाही कुठल्याही नावाने हाक मारली नव्हती. काही सांगायचं असलं की तो आधी खाकरायचा, किंवा नुसताच "ते..." म्हणून थांबायचा. बाईंनी पहिल्या वर्षीच निकाल देऊन टाकला होता. जावई गुणी आहे, निर्व्यसनी आहे, लेकीला जपतो, पण आखडू आहे.

"समोरच्या मास्तरांना बोलावते," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या बाजूने धरतील."

"गरज नाही," जावई म्हणाला.

मग तो वाकला, दोन्ही हातांनी बूड धरलं आणि शिकंजा चार बोटं वर उचलला. तेवढ्यावर थांबला. शिकंजा पुन्हा खाली ठेवला, आदळला नाही, ठेवला. आणि स्वतः मात्र तसाच वाकलेला राहिला.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग उठा ना."

"तेच जमत नाहीये."

बाईंनी पुढे होऊन त्याच्या खांद्याला हात लावला, तर त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की त्यांनी हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. शेवटी पुठ्ठ्यांची चळत धरत, गुडघे टेकत, मग हात टेकत, तो रांगत्या मुलासारखा चटईवर उतरला आणि कुशीवर झाला. ह्या सगळ्याला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत तो दोनदा "सॉरी" म्हणाला. बाईंना वाटलं, हा शिकंज्याला म्हणतोय की मला.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना रविवारी बंद असायचा, पण त्यांची जाडजूड वैद्यकाची पुस्तकं बाईंनीच दोनदा बांधून दिलेली, त्यामुळे त्या घरच्याच कपड्यांत, पिशवी घेऊन, दोन जिने चढून आल्या. त्यांनी जावयाचा एकेक पाय वर उचलून पाहिला, पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवली, तळव्याला पेनाचं टोक लावलं.

"पायात मुंग्या येतात? बधिर वाटतंय कुठे?"

"नाही."

"लघवीला नीट होतेय ना? संडासवर ताबा?"

जावयाने छताकडे पाहिलं. बाई तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि कारण नसताना चार भांडी जोरात घासली. पाण्याचा नळही सोडून ठेवला. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाईंनी हाक मारली तेव्हा त्या हात पुसत बाहेर आल्या.

"घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कमरेला झटका बसला, आणि ती सांभाळायला आजूबाजूचे स्नायू आखडून बसलेत. ते सैल होत नाहीत तोवर ह्यांना हलता येणार नाही."

आखडलेत हे मला सहा वर्षांपासून ठाऊक आहे, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या म्हणाल्या, "फोटो नको काढायला?"

"आत्ता नको. पायातली शक्ती गेली, बधिर झालं, लघवी अडली तर रात्र असो दिवस असो, मला फोन करा. एरवी हे दुखणं दोन-चार आठवड्यांत आपलंआपण उतरतं. तोवर दोन गोळ्या. एक दुखण्याची, जेवणानंतर. दुसरी स्नायू सैल करणारी. ही सकाळ, दुपार, रात्र, पाचच दिवस, त्याच्यापुढे नाही. हिने झोप येते, गरगरतं, तोंड कोरडं पडतं. गाडी चालवायची नाही, यंत्राला हात लावायचा नाही, दारूचा थेंब नाही. तुम्ही काम काय करता?"

"लिफ्ट."

"मग झालंच. शाफ्टमध्ये डोकवायचंसुद्धा नाही. आणि एक लक्षात ठेवा, दिवसभर लोळत पडायचं नाही. झेपेल तेवढं उठायचं, घरातल्या घरात चालायचं."

"मी घरी जातो," जावई जमिनीवरून म्हणाला.

"कसे? रांगत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्याच्या घरी तीन जिने, आणि वर वाट पाहणारं कोणी नाही. बाईंच्या इमारतीलाही लिफ्ट नव्हती. लिफ्टवाल्याला खाली न्यायला लिफ्ट नाही, हे समोरच्या मास्तरांनी त्या दिवशी तीन वेळा म्हणून दाखवलं आणि तिन्ही वेळा स्वतःच हसले.

अशा रीतीने जावई सासूकडे राहिला. कामाच्या खोलीत भिंतीशी एक लाकडी बाज होती, तिच्यावर पातळ गादी. घरात दुखऱ्या कमरेला चालेल अशी तेवढीच एक जागा.

पहिली गोळी दुपारी दिली. तासाभरात त्याच्या कपाळावरच्या आठ्या उतरल्या, मग खांदे उतरले, आणि मग जीभही जरा सैल झाली. तेवढ्यात ठमीचा फोन आला. तो उशीवर ठेवून, डोळे मिटून बोलत होता. बाई शेजारीच पुस्तकं लावत होत्या.

"नाही गं... दुखतं, पण लांबून दुखतंय आता. शेजारच्या घरात दुखत असल्यासारखं. नाही, तू येऊ नकोस. हेडऑफिसनं झोपायला सांगितलंय. हेडऑफिस सांगेल तसं करायचं." आणि फोन चालू ठेवूनच तो घोरायला लागला.

बाईंनी फोन उचलला. "ठमे, हेडऑफिस म्हणजे कोण गं?"

पलीकडून ठमी म्हणाली, "अगं आई, काही ठरवायचं असलं की मी आधी तुला फोन करते ना. म्हणून तो तुला म्हणतो हेडऑफिस. मी ब्रँच."

"सहा वर्षं?"

"साडेपाच. प्रेमाने म्हणतो गं."

"असू दे, असू दे," बाईंनी फोन ठेवला. त्यांना राग आला होता. निदान यायला हवा होता. भांडी विसळताना मात्र त्यांच्या लक्षात आलं की आपण एकट्याच हसतोय.

खरी पंचाईत कामाची होती. शाळेचे चाळीस नकाशासंग्रह बाईंकडे आले होते, मोठ्या आकाराचे, पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या ओढून खिळखिळे केलेले. ते उसवायचे, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, नीट करून पुन्हा शिवायचे, पाठ हातोडीने ठोकून गोल करायची, सरस लावायचा, कडा कापायच्या, नवे पुठ्ठे चढवायचे. पुढच्या सोमवारी शाळा उघडत होती आणि सकाळी शिपाई न्यायला येणार होता. शिवण्याला आवाज नाही. पण हातोडीला आहे, कटरलाही आहे. कटरचं पातं खाली आलं की खालच्या मजल्यावरचे कप वाजायचे.

आणि जावई झोपलेला. सकाळची गोळी घेतली की अकरापर्यंत, दुपारची घेतली की पाचपर्यंत. मध्ये उठला की भिंत धरून चालायचा, डोळे अर्धवट, पाय दुसऱ्याचे असल्यासारखे. तो न्हाणीघरात गेला की बाई बाहेर स्टूल टाकून बसायच्या. पडला तर, म्हणून. आत नळ चालू असेपर्यंत त्या मुद्दाम मास्तरांच्या दाराकडे बघत बसायच्या.

सोमवारी आणि मंगळवारी सकाळी बाईंनी हातोडी उचलली नाही. सुई, मेणदोरा आणि फर्मे घेऊन त्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि तिथेच शिवत राहिल्या. एकोणीस संग्रह शिवून झाले. ठोकलेला एकही नाही.

"काम?" मंगळवारी जेवताना जावयाने विचारलं. तो उभ्यानेच जेवत होता, बसलं की कळ यायची.

"चाललंय की."

"आवाज येत नाही."

"शिलाईला कुठला आवाज?"

त्याने मान हलवली. दुपारी बाईंनी गोळी आणि पाणी त्याच्या हातात दिलं आणि ताटं उचलून त्या आत गेल्या. परत आल्या तर जावई जागाच. तीन वाजले, साडेतीन वाजले, तरी जागा.

"आज झोप नाही आली?"

"सवय झाली बहुतेक. बरं वाटतंय. ठोका तुम्ही."

बाईंना बरंच वाटलं. त्यांनी संध्याकाळपर्यंत सात पाठी ठोकून गोल केल्या. बुधवारीही तसंच. सकाळची गोळी घेतली, दुपारची घेतली, आणि जावई टक्क जागा. बाई हातोडी चालवत होत्या, मध्येच त्याच्याकडे बघत होत्या. तो हसल्यासारखं करायचा. पण बाजेची कड त्याने अशी घट्ट धरलेली असायची की बोटांची पेरं पांढरी पडायची, आणि कूस बदलताना तो श्वास रोखायचा. बाई मनाशी म्हणाल्या, ह्या गोळीचा गुण दोन दिवसांतच ओसरला की काय.

गुरुवारी सकाळची गोळी देऊन बाई वळल्या, तो उठायला गेला आणि कमरेने त्याला पुन्हा धरलं, रविवारपेक्षा वाईट. अर्धा उठलेला, अर्धा पडलेला, तोंड पांढरंफटक. बाईंनी कसंबसं त्याला कुशीवर आणलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"गोळ्या वेळेवर घेतायत ना?"

"माझ्या हाताने देते मी," बाई म्हणाल्या.

"मग एवढं आखडायला नको होतं. दुपारी येऊन बघते."

बाईंनी फोन ठेवला. काळजी वाटत असली की त्या हाताला काम लावायच्या. बाजेच्या उशाशी, टेबलाच्या कडेला, सरस वाळायला ठेवलेला एक संग्रह होता. त्यांनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला. पाठ नीट बसली नव्हती. कापडी पट्टी आणि शिलाई यांच्या मधल्या पोकळीत काहीतरी अडकलं होतं. बाईंनी दाभण घातलं आणि हलकेच ओढलं. एक पांढरी गोळी टेबलावर घरंगळली. मग दुसरी. मग तिसरी आणि चौथी, सरसाने एकमेकींना चिकटलेल्या.

लपवायला घरात हजार जागा होत्या. ह्या माणसाला पुस्तकाची पाठच सापडली.

बाईंनी स्टूल ओढलं, बाजेसमोर बसल्या आणि तळहात पुढे केला.

"हे काय आहे?"

जावयाने गोळ्यांकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"मी विचारतेय तुम्हाला. चार गोळ्या आहेत. म्हणजे दोन दिवस मी पाण्याचे पेले आणून देतेय आणि तुम्ही नुसतं पाणी पिताय. कशासाठी?"

तो खाकरला. "ते..."

"ते नाही. नीट सांगा."

मग जावई बोलला. सहा वर्षांत एका दमात एवढं बोलल्याचं बाईंना आठवत नव्हतं. "रात्रीची घेतो. पण दिवसा ती गोळी घेतली की मी मेल्यासारखा झोपतो. आणि मी झोपलो की तुम्ही हातोडी उचलत नाही. सोमवारी बघितलं, मंगळवारी बघितलं. चाळीस पुस्तकं द्यायचीत तुम्हाला. मी तुमच्या खोलीत घोरत पडायचं आणि तुम्ही ओट्याशी उभं राहून शिवायचं, ह्या वयात, तुमचे गुडघे दुखत असताना. मी मदत करायला आलो होतो. शिकंजा सरकवायला. तो जागचा हलला नाही, आणि वर मीच तुमच्या घरात शिकंज्यासारखा येऊन पडलोय."

बाईंनी हातातल्या गोळ्या उगीचच मोजल्या. गुडघे दुखतात हे त्यांनी ठमीलाही सांगितलेलं नव्हतं.

"लिफ्टचा दोर घासलेला दिसला तर तुम्ही काय करता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"लिफ्ट बंद करतो."

"लोक ओरडत नाहीत?"

"ओरडतात. आठव्या मजल्यावरचे जास्त."

"मग चालू करता?"

"दोर बदलल्याशिवाय नाही."

"मग ही कमर बरी झाल्याशिवाय मी तुम्हाला कसं चालू करू? आणि माझ्या हातोडीचं मी बघेन. मला सांगायचं होतंत, 'बाई, मी झोपलो तरी ठोका, मला ऐकू येत नाही.' एवढं साधं. पण तुम्ही मला कधी काही विचारलंयत? साधी हाक मारलीयत? सहा वर्षं झाली, मला तुम्ही काय म्हणता ते मला माहीत नाही. म्हणजे आता माहीत झालंय. हेडऑफिस."

जावयाचे कान लाल झाले. "ते तुम्हाला..."

"कळलं मला. ते राहू दे. पण तोंडावर काहीच का म्हणत नाही?"

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "तुम्हीच सांगितलं होतं."

"मी?"

"लग्नाच्या दिवशी. मी आई म्हणायला गेलो, तर तुम्ही म्हणालात, मला आईबिई म्हणू नका, मला एकच लेक आहे आणि ती पण तुम्ही नेताय. मग काय म्हणायचं ते तुम्ही सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही. पुढे मग राहूनच गेलं."

बाईंना आठवलं. सगळंच नाही, पण कार्यालयाच्या दारावरचा तो हिरवा पडदा आठवला, दाराशी चाललेली घाई आठवली, आणि नवरा जाऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, लेक निघालेली, येणारं रडं थोपवायला काहीतरी थट्टा करायची म्हणून आपण बोलून गेलो तेही आठवलं. त्यांच्या लेखी ती थट्टा होती. त्या दुसऱ्या मिनिटाला ती विसरून गेल्या होत्या. आणि हा बाबा सहा वर्षं ती पाळत बसला होता.

"अहो, मी गंमत केली होती," त्या म्हणाल्या.

"मला नव्हतं कळलं."

"सगळे मला बाई म्हणतात. तुम्हीही बाई म्हणा. ते तुमच्या तोंडात बसेल."

"बाई," त्याने म्हणून पाहिलं.

"हं. आता ही घ्या," त्यांनी पाकिटातून नवी गोळी काढली. "आणि तोंड उघडून दाखवा मला. जिभेखालचंही."

त्याने दाखवलं.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, त्यांना बाईंनी सगळं सांगितलं. त्या हसत हसत म्हणाल्या, "तरीच. पण एक सांगते, ह्या गोळीत जादू नाही. कमर आपलीआपणच बरी होते. गोळी मधले दिवस जरा सोपे करते एवढंच, पण ती पोटात गेली पाहिजे, पुस्तकात नाही. बुडाल्या तेवढ्या आता रोजच्या हिशोबाने घ्या, एकदम दोन नाही. मग बंद."

त्या गेल्यावर जावई झोपला. बाईंनी घोरण्याची वाट पाहिली. मग हातोडी उचलली आणि एका पाठीवर हलकेच टकटक केलं. काही नाही. जरा जोरात ठोकलं. घोरणं तसंच. बाईंनी पुठ्ठ्याची एक जाड फळी मुद्दाम जमिनीवर पाडली. जावयाने नाक खाजवलं आणि कूस बदलली, न कण्हता. तेव्हा कुठे बाईंनी कटरचं पातं खाली आणलं, खालच्या मजल्यावर कप वाजले, आणि दोन दिवसांचं काम त्यांनी एका दुपारीत उरकलं. मास्तर मात्र दार वाजवून विचारून गेले, पेशंट झोपलाय ना, मग हा गोंधळ कसला.

शुक्रवारपासून फरक दिसायला लागला. आधी जावई मास्तरांच्या दारापर्यंत चालला, मग जिन्याच्या टोकापर्यंत. बसणं नकोसं वाटायचं, पण उभं राहता यायचं. मग त्याने स्वतःच विचारलं, "बाई, ते शिवायचं मला जमेल?"

"यंत्राला हात लावायचा नाही असं सांगितलंय."

"सुई यंत्र नाही."

बाईंनी त्याला ओट्याशी उभं केलं आणि फर्मे शिवायला शिकवलं. दोर म्हटल्यावर त्याच्या हातांना लगेच समजलं. फक्त तो फार ताणायचा. "एवढं नाही," बाई म्हणायच्या. "ह्याला माणसं लटकायची नाहीयेत. पान फाटेल." गोळी घेतल्यावर झोप यायच्या आधीचा अर्धा तास तो बडबड करायचा, आणि बाईंना तो अर्धा तास आवडायला लागला. त्या गोळी देताना मुद्दाम काहीतरी विचारून ठेवायच्या.

"एवढं कमी बोलून तुमचं काम कसं चालतं?" त्यांनी एकदा विचारलं.

"कामावर खूप बोलावं लागतं," तो म्हणाला. "लिफ्ट मध्येच अडकली की आत माणसं असतात. अंधार असतो, कोणी रडतं, कोणाला गुदमरतं. मोटरकडे जाण्याआधी दाराला तोंड लावून त्यांच्याशी बोलायचं. नाव विचारायचं, घरी कोण कोण असतं विचारायचं. बोलणं थांबलं की माणूस घाबरतो. एकदा एका आजींशी दोन तास बोललो. नातवाच्या शाळेपासून त्यांच्या दातांच्या कवळीपर्यंत. घरी येईस्तोवर माझं सगळं बोलणं संपलेलं असतं, बाई. ठमीला माहीत आहे."

बाईंना हे माहीत नव्हतं. तो झोपल्यावर त्या बराच वेळ दोऱ्याला मेण लावत राहिल्या. दोऱ्याला तेवढं मेण लागत नाही.

शनिवारी त्याने एक अख्खा फर्मा उलटा शिवला. समुद्र वर, जमीन खाली, आणि सगळी गावांची नावं डोक्यावर उभी. त्याला वाटलं बाई म्हणतील राहू दे, एवढ्याशाने काय होतं. बाईंनी चष्मा पुसला, कात्री घेतली आणि सगळी शिलाई उसवली.

"पोरं ह्यावरून अभ्यास करणार आहेत," त्या म्हणाल्या. "पुन्हा शिवा."

त्याने पुन्हा शिवला. रविवारी संध्याकाळी चाळिसावा संग्रह शिकंज्यात गेला. सोमवारी सकाळी शाळेचा शिपाई येऊन गठ्ठे घेऊन गेला. जावयाने एकही उचलायला हात पुढे केला नाही, पण दारात उभा राहून शिपायाला सांगितलं, "वाकू नका, गुडघ्यात बसून उचला." शिपाई म्हणाला, "तुम्ही डॉक्टर का?" बाई आतून म्हणाल्या, "पेशंट."

बुधवारी ठमी परत आली. जिन्यातूनच तिला दोघांचे आवाज ऐकू आले. गाठ कुठली मारायची यावरून वाद चालला होता, आणि नवरा चक्क मुद्दा सोडत नव्हता. ती दारात बॅग घेऊन उभी राहिली, तरी कोणी बघेना.

"मी आले," ती म्हणाली.

"ये, ये," बाई म्हणाल्या. "चप्पल बाहेर काढ, सरस सांडलाय. आणि तूच सांग, दोनदा पीळ दिलेली गाठ कधी सुटते का?"

"बाई, सुटते," जावई म्हणाला. "भार आला की सुटते."

"बाई?" ठमीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. "दहाच दिवस गेले होते ना मी?"

दुपारी ती त्याला घरी घेऊन गेली. कमर पूर्ण बरी नव्हती. वाकताना धरायची, मोजे अजून ठमीलाच घालावे लागणार होते, आणि शाफ्टमध्ये उतरायला डॉक्टरीणबाईंनी आणखी दोन आठवड्यांनी परवानगी देऊ असं सांगितलं होतं. पण तो ताठ उभा राहत होता, आणि कठड्याला हात लावून पण न थांबता दोन्ही जिने उतरला. बाई वरून बघत होत्या. खालून त्याने मान वर करून पाहिलं, हात केला, मग टॅक्सीत बसायला त्याला इतका वेळ लागला की टॅक्सीवाला खाली उतरून बघायला आला.

बाई घरात आल्या. बाजेवरची चादर काढली, झटकली, घडी घातली. रिकामं पाकीट टाकून दिलं. ठोकायला काम नव्हतं, तरी खोली फार शांत वाटत होती.

संध्याकाळी त्यांनी दूध तापत ठेवलं आणि फोन वाजला. त्यांना वाटलं ठमी असेल.

"बाई, पोचलो."

"अरे वा. जिने चढताना त्रास झाला का?"

"दोनदा थांबलो. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकलो."

"ठमी कुठे आहे?"

"झोपली. प्रवासानं दमलीय."

"मग तुम्ही का जागे? तुम्हीही झोपा."

"बाई, सात वाजलेत."

बाईंनी घड्याळ पाहिलं. खरंच सातच वाजले होते. गेले दहा दिवस त्यांचं घड्याळ गोळ्यांच्या वेळांवर चाललं होतं. त्यांना फोन ठेवावासा वाटेना, म्हणून त्यांनी विचारलं, "त्या आजींचं पुढे काय झालं हो? दोन तास अडकल्या होत्या त्या?"

"सांगतो की," जावई म्हणाला, आणि सांगायला लागला. बाई ओट्याशी टेकून ऐकत राहिल्या. दूध उतू जाऊन शेगडी विझल्याचा वास आला, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "थांबा हं, धरून ठेवा."

आणि शेगडी पुसून परत येईपर्यंत त्याने फोन धरून ठेवला होता.